काटापूजन मॅनेजरच्या हातून होतं. मी काय करू?

सेलूकर

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. जे आपल्या ख्रिस्ती मंडळीतले नाहीत त्यांना नमस्कार, उत्तर तुमच्याकडूनही हवंय.

परभणी जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, मी सोळा वर्षं आहे. फिटर म्हणून लागलो, मग शिफ्ट सुपरवायझर झालो आणि या सीझनपासून शेठनी मला मॅनेजर केलं. सरकी काढायची चोवीस डबल रोलर मशीनं, गाठी बांधायचा एक प्रेस, हमाल धरून सत्तर माणसं. आमचं मूळ घराणं जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीतलं. नारायण शेषाद्रींनी 1843 साली ख्रिस्त स्वीकारला आणि पुढे बेथेल वसवलं, तिथलं. आडनावावरून कोणाला कळत नाही, पण कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे की हा रविवारी चर्चला जातो.

अडचण अशी. आमच्याकडे कापूस खरेदी सुरू होते ती काटापूजनाने. पहिली गाडी वजनकाट्यावर उभी करायची, काट्याला हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं द्यायचं. पूजा मॅनेजर करतो. फिटर होतो तेव्हा मी मागे कुठंतरी उभा असायचो, कोणाचं लक्ष नसायचं. आता सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे असणार. मूर्तिपूजा मी करू शकत नाही, यात माझ्या मनात शंका नाही. पण कापसाचा कारखाना म्हणजे एका ठिणगीचं काम. उद्या आग लागली किंवा कोणाचा हात रोलरमध्ये गेला, तर माणसं म्हणणार की साहेबांनी नारळ फोडला नाही म्हणून झालं. ती माणसं माझ्या जिवावर आठ तास मशीनपाशी उभी असतात. त्यांच्या मनात भीती ठेवून मी त्यांना कसं चालवू?

दुसरी गोष्ट मंडळीत कोणाला बोललेलो नाही. चार्ज देताना जुन्या मॅनेजरनी मला किल्ल्यांचा जुडगा दिला, शिक्के दिले आणि काट्याच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड दिला. म्हणाले, “गाडीमागे दहा किलो टाकत जा.” म्हणजे भरलेल्या गाडीच्या वजनातून दहा किलो गुपचूप कमी. पिकअपमध्ये साधारण वीस क्विंटल कापूस येतो, म्हणजे क्विंटलमागे अर्धा किलो. शेतकऱ्याला पावतीवर कळत नाही. भर सीझनला दिवसाला चाळीस गाड्या धरल्या तर रोजचा चार क्विंटल कापूस फुकटचा. कापसातून 34 टक्के रुई निघते असा उतारा धरला तर 136 किलो रुई. गाठ 170 किलोची असते, म्हणजे रोज जवळपास पाऊण गाठ आणि पैशात तीस हजार. वजनमापवाले दरवर्षी काट्याची पडताळणी करून शिक्का मारतात, आणि काटा खरंच बरोबर आहे. खोट आहे ती कॉम्प्युटरमध्ये.

रविवारचंही आहेच. सीझनला मशीन चोवीस तास चालतं, चार महिने उपासना बुडणार.

पूजेची काळजी मी महिनाभर करतोय. दहा किलोवर मात्र एक रात्रही जागलो नाही, आणि हे लिहिताना लक्षात येतंय.

अंबाजोगाईचा निवृत्त

भाऊ, सलाम. मी बँकेत शाखाधिकारी होतो, लक्ष्मीपूजनाला हाच प्रश्न मला दरवर्षी यायचा.

बायबलमधलं दुसरे राजे, अध्याय 5 काढून वाचा. नामान हा अरामी राजाचा सेनापती. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो की यापुढे मी इतर देवांना यज्ञ करणार नाही, पण माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला झापलं नाही. “शांतीने जा” एवढंच म्हणाला. त्यावरून कोणी वाटेल ते करायला मोकळा होतो असं मी म्हणत नाही. पण नामानाने आपली अडचण आधीच बोलून दाखवली, लपवली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलही तेच धरतो. ताटात आलेलं मांस कुठून आलं हे खोदून विचारू नका, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका.

मी काय करायचो ते सांगतो. शाखेतल्या सर्वांत जुन्या शिपायाच्या हातून पूजा व्हायची. मी शेजारी उभा राहायचो, हात जोडायचो नाही. नंतर सगळ्यांना पेढा मीच द्यायचो आणि तो माझ्या खिशातून आणलेला असायचा. कोणी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पहिल्या वर्षी मात्र आजारी असल्याचं सांगून घरी बसलो होतो. ते खोटं आजही सलतं.

तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. आमोस 8 मध्ये असे व्यापारी आहेत जे शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, पाळतात, दुकान बंद ठेवतात आणि मनात म्हणतात, हा दिवस कधी सरेल आणि कधी एकदा आपण माप लहान करून, तराजू खोटा करून विकू. उपासनेला न चुकता जाणारी ती माणसं होती. लेवीय 19 मध्ये परमेश्वर खरी तागडी आणि खरी वजनं मागतो, तेही मिसरातून सोडवून आणल्याची आठवण देऊन. मूर्तीबद्दल तुमचं मन स्वच्छ आहे. तागडीबद्दल तितकंच स्वच्छ करा.

पाथरी_शेतकरी

साहेब, मी ख्रिश्चन नाही, माळकरी आहे. वीस वर्षं झाली कापूस पिकवायलो, म्हणून बोलायलो.

नारळ कोण फोडतो याचं आम्हाला काहीच नाही. आमच्याकडं गंगाखेडची जनाबाई. विठ्ठल तिच्याशेजारी जात्यावर बसला, दळू लागला. तिनं काय वाहिलं म्हणून नव्हे. तुमच्या देवाचं तुम्ही पाहा, आमच्या पावतीचं तेवढं नीट पाहा.

मागच्या साली मी घरून निघालो आणि आधी रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर, म्हणजे कुणालाही गाडी तोलून देणाऱ्या काट्यावर, पैसे देऊन गाडी तोलली. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही. कापूस भरला 21 क्विंटल 40. जिनिंगवर भरला 21 क्विंटल 26. चौदा किलो. काट्यावरच्या पोराला विचारलं तर म्हणाला, वाटेत वाळला असेल. अकरा किलोमीटरात चौदा किलो वाळतो का कापूस? मागं गाड्यांची रांग लागलेली, हॉर्न वाजायलेले, वेचणाऱ्या बायकांचे पैसे द्यायचे होते. घेतली पावती, निघालो. हजार रुपये गेले. हजार रुपये जातात साहेब, पण आपल्याला येडं समजलं याचा राग जात नाही.

ओलाव्याचं कापा, आम्ही नाही म्हणत नाही. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, तीसुद्धा 8 टक्क्यांच्या वर गेलं की कापते आणि 12 च्या वर घेतच नाही. पण मीटर आमच्या डोळ्यासमोर लावते. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता, पण सीसीआयच्या ॲपवर नोंदणी करा, स्लॉटची वाट पाहा, तोवर ज्याला नड आहे तो तुमच्याकडंच येतो. नडलेल्याचंच वजन तुम्ही मारता.

तुम्हाला परवडत नसेल तर भावात मारा ना. क्विंटलला चाळीस रुपये कमी सांगा. द्यायचं का पुढं जायचं, ते मी ठरवीन. काट्यात मारलं की माझ्या हातात काहीच राहत नाही.

वाळूज_एचआर

दादा, मी वाळूजला एचआर बघते, आपल्याच मंडळीतली आहे. वरचे दोघं बरोबर बोललेत, पण तुम्ही आता अधिकारी आहात ही गोष्ट कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

पहिलं, शेठशी मुहूर्ताच्या आधी बोला. ऐन वेळी हार हातात दिल्यावर नाही म्हणालात तर तो त्यांचा चारचौघांत अपमान होईल. एकटे भेटा आणि वजनाचा हिशेब कागदावर लिहून न्या. माझा धर्म सांगतो एवढ्यावर थांबू नका. ते धंदेवाले आहेत, त्यांना तीस हजार कुठून भरून निघणार ते सांगावं लागेल. पाथरीच्या काकांनी वाट सांगितलीच आहे.

दुसरं माझ्या चुकीतून सांगते. तीन वर्षांपूर्वी मी कँटीनमध्ये नाताळचा कार्यक्रम ठेवला. गीतं, केक, एका पाळकांची छोटी प्रार्थना. शॉपफ्लोअरवरचे सगळे आले आणि मला फार आनंद झाला. पुढे एक बाई नोकरी सोडून जाताना म्हणाली, “मॅडम, तुम्ही बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? ओव्हरटाइम तुम्हीच लिहिता.” मी तिथेच खाली बसले. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की मी ख्रिस्ताची साक्ष देतेय. तिला तो हुकूम वाटला होता. काटापूजनाला तुम्हाला आज जे वाटतंय तेच मी तिला वाटायला लावलं होतं. म्हणून शिफ्टच्या आधी प्रार्थना, पत्रकं वाटणं, यातलं काही मॅनेजरच्या खुर्चीत बसून करू नका. कोणी आपणहून विचारलं तर मोकळेपणाने सांगा.

आणि आगीची भीती माणसांच्या मनातून काढायची असेल तर अग्निशामक सिलिंडर भरून घ्या, पाण्याच्या टाक्या बघा, रोलरवरची गार्ड तपासा. हे त्यांच्यासमोर, त्यांना सोबत घेऊन करा.

सेलूकर

उशिरा लिहितोय. सीझन सुरू झाला.

शेठना मुहूर्ताच्या आठ दिवस आधी भेटलो. पूजेचं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “मला वाटलंच होतं, तूच कधी बोलला नाहीस.” दहा किलोचं सांगितलं तेव्हा मात्र बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, आजूबाजूचे सगळे मारतात, आपण एकटेच भावात खाली दिसलो तर गाड्या जातील. मी कागद पुढे केला. क्विंटलमागे अर्धा किलो म्हणजे आजच्या भावाने साडेसदतीस रुपये. भाव तेवढा उघड कमी लावू, वजन पूर्ण देऊ, आणि गेटवर पाटी लावू की धर्मकाट्यावर तोलून या, फरक निघाला तर भरून देऊ. शेवटी ते महिनाभर बघू म्हणाले.

पूजा पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याच्या हातून झाली. सत्तरीचे आजोबा. नारळ एका फटक्यात फुटला नाही, तेव्हा हमालांचा मुकादम पुढे झाला आणि दोघांनी मिळून फोडला. मी बाजूला सरळ उभा होतो. नंतर उपरणं मी घातलं, आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला, कारण ते माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्याच्या आधी दोन दिवस मुकादम, फिटर आणि मी सगळ्या गार्ड तपासल्या होत्या. दोन बदलल्या.

पहिल्या आठवड्यात गाड्या चाळीसच्या सव्वीसवर आल्या. शेठ रोज संध्याकाळी फोन करून आकडा विचारायचे आणि काही न बोलता ठेवायचे. काल तेहतीस झाल्या. महिना संपायला नऊ दिवस आहेत, पुढे ते काय म्हणतील मला सांगता येत नाही. जुनी पद्धत परत आणा म्हणाले तर पासवर्ड त्यांच्या हातात देऊन मी पुन्हा फिटरच्या कामाला जाईन, हे घरी बायकोला सांगून ठेवलंय. ती “बरं” म्हणाली, आणि नंतर तिने पोरीच्या फीचा हिशेब काढला.

रविवारचं अजून जमलेलं नाही. पाळकसाहेब बुधवारी संध्याकाळी घरी येतात, आम्ही तिथेच प्रभुभोजन घेतो.

पाथरीचे काका, तुमची गाडी कधी इकडे आली तर काट्यावरच्या पोराला माझं नाव सांगू नका. सगळ्यांसारखी रांगेत लावा आणि पावती धर्मकाट्याशी ताडून बघा.