ढाबळीत टाकायला कोणती चुना पावडर चालेल? पिल्लं आहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात आमच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे. नऊ जोड्या, बहुतेक गिरेबाज, दोन जोड्या लक्का. वडिलांनी स्वतः उभी केलेली ढाबळ आहे ही: लाकडी चौकट, पुढे जाळी, वर पत्रा, तळाला प्लायवूड. उन्हाळ्यात काही त्रास नसतो. शीट वाळते, खरवडली की पापुद्रे निघावेत तशी निघते. पण पाऊस लागला आणि आठ-आठ दिवस ऊन पडलं नाही की तळ चिकट होतो, वास सुटतो, आणि दाणे कोपऱ्यात पडले तर दुसऱ्या दिवशी त्यांना बुरशी.

गेल्या आठवड्यात एकाने सांगितलं, चुना पावडर भुरभुरव, ओल खेचून घेते. बाजारातून सुट्टी पावडर आणली. पांढऱ्या पोत्यातली, पोत्यावर ना नाव ना काही. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "चुनाच आहे, सगळ्याला चालतो." संध्याकाळी टाकली. थोड्या वेळाने वास कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढला, नाकात झिणझिण्या आणणारा. माझे डोळे चुरचुरायला लागले. सकाळी बघितलं तर एक पिल्लू घरट्यातून खाली उतरून त्या पावडरीत बसलेलं. पंचवीस-एक दिवसांचं असेल. पाय उचलून पाहिले तर बोटांच्या बेचक्यात पांढरा लगदा बसलेला आणि खालची कातडी लाल. पाय कोमट पाण्याने धुतले, पिल्लू खोक्यात कोरड्या पोत्यावर ठेवलंय. खातंय, पण उभं राहताना एक पाय उचलून धरतंय. सगळी पावडर झाडून काढली. फार वाईट वाटतंय, कारण मी टाकली ती.

आता विचारायचं हे, की ढाबळीसाठी नक्की कोणता चुना? कळीचा, विरी गेलेला, की चुनखडीची पावडर? मैदानावर मारतात ती फक्की चालते का? रांगोळी? लाकडाची राख? माद्या जमिनीवरचं सारखं टिपत असतात, त्यामुळे पोटात गेलं तरी अपाय होणार नाही असंच हवं.

पहिला प्रतिसाद

दादा, आधी ते पिल्लू पशुवैद्यकाला दाखवा. चुन्याची जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असू शकते.

आता पावडरीचं. चुना म्हणून तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. कळीचा चुना पाणी लागलं की तापतो. एक किलो कळी साधारण ३२० ग्रॅम पाणी पिते आणि त्यात भाजण्याइतकी उष्णता निघते. ओल खेचतो हे खरं, पण तो पक्ष्यांच्या पायाखाली कधीच नको. त्यात पाणी मुरलं की होतो विरी गेलेला चुना. हा तापत नाही म्हणून लोकांना निर्धोक वाटतो, पण ओला झाला की त्याचा सामू (पीएच) १२ च्या वर जातो. मऊ कातडी आणि डोळे त्याने जळतात. शिवाय पाणी त्याने आधीच पिऊन घेतलेलं असतं, त्यामुळे ओल खेचायला तो फारसा उपयोगी नाही.

तिसरी चुनखडीची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ही तुम्हाला हवी. शिंपल्याचा चुरा मूळ याच पदार्थाचा, म्हणून मादीने टिपली तरी काळजी नाही. कोंबडीखाद्य विकणाऱ्यांकडे मिळते, पोल्ट्रीवाले तिला एलएसपी, म्हणजे लाइमस्टोन पावडर, म्हणतात. खाद्यासाठीची म्हणूनच मागा, पोत्यावर नाव छापलेलं बघून घ्या.

वास का वाढला तेही सांगतो. ओल्या शिटेत अमोनिया अडकून असतो. चुन्यासारखा जहाल अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) पडला की तो सुटून हवेत येतो. तुम्हाला डोळ्यांना लागला, तर तळाशी बसलेल्या पिल्लाला किती लागला असेल.

दुसरा प्रतिसाद

घरी करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि त्यात पावडर टाका. लगेच कुंकवासारखी लालभडक झाली तर त्यात चुना आहे, पक्षी असलेल्या ढाबळीत ती न्यायचीच नाही. चुनखडीने हळदीचा रंग फारसा बदलत नाही. दुसऱ्या चिमटीवर लिंबू पिळा, चुनखडी फसफसते. पण निर्णय हळदीवर करा, कारण जुना, हवा लागलेला चुनाही थोडा फसफसतो.

फक्कीच्या नावाखाली काहीही येतं, म्हणून तिलाही हीच परीक्षा. राखही ओली झाली की अल्कच. रांगोळी मात्र नकोच. ती कुठल्या दगडाची ते कळत नाही, आणि गारगोटीची असेल तर तिची धूळ आपल्या आणि पाखरांच्या फुप्फुसाला वाईट.

आणि काका म्हणून एक सांगतो, राग मानू नका. चुनखडी ओल फार पीत नाही. शीट आधी खरवडायची, रोज, आणि मग बोटाला लागेल इतकाच पातळ थर. खरा कोरडेपणा वाऱ्याने येतो. तुमच्या ढाबळीला मागून हवा निघायला जागा आहे का? पत्र्याखाली वितभर जाळीची पट्टी ठेवा. तळाला प्लायवूडवर फळ्यांची जाळीदार चौकट टाका, शीट खाली पडेल आणि पाय वर राहतील. रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी ओलीतच पिकतात, त्यामुळे हे काम औषधाइतकंच मोलाचं आहे. खरवडताना एन-९५ मास्क लावा. कबुतरांच्या धुळीने वर्षानुवर्षांनी फुप्फुस कायमचं कडक झालेली माणसं मी पाहिली आहेत.

विरी गेलेला चुना भिंतींना सफेतीसाठी वापरा, पण पाखरं बाहेर काढून. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय परत सोडू नका. हात लावताना गॉगल घाला. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तडक डॉक्टर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. हळदीची परीक्षा केली. बशीतलं पिवळं पाणी बघता बघता लाल झालं. आईने बघितलं आणि म्हणाली, हे तर कुंकूच. म्हणजे मी पिल्लाच्या पायाखाली चुनाच टाकला होता.

पिल्लाला काल डॉक्टरांकडे नेलं, मलम दिलंय. पोतं दुकानदाराला परत दिलं, गिऱ्हाइकाला सांगून विकत जा म्हणालो. मागच्या बाजूला हवेला जागाच नव्हती, फळी ठोकलेली. ती काढून जाळी लावली. फळ्यांची चौकट सुताराकडे टाकली आहे, दोन फळ्यांमध्ये किती फट ठेवू? पिल्लाचा पाय अडकेल इतकी मोठी नको.

दुसरा प्रतिसाद

पिल्लाचं पाऊल आत जाणार नाही अशी ठेवा. सुताराकडे जाताना पिल्लू सोबत न्या आणि त्याचा पाय फळीवर ठेवूनच माप घ्या.