इंदूरहून पुण्याला चिवडा-भाजणी पाठवायची आहे: एआयकडून चौकशी कशी करून घ्यावी?

सुदामानगर_फराळ

नमस्कार मंडळी. सुदामा नगरात आमचं घरगुती फराळाचं काम आहे. भाजक्या पोह्यांचा चिवडा, चकलीची भाजणी आणि मेतकूट. विक्री सध्या इंदूरपुरतीच. आता पुणे-नाशिकला २०० ग्रॅमची पाकिटं ऑनलाइन पाठवायची आहेत. त्याआधी चार गोष्टींची नीट माहिती हवी: कर आणि परवाने, कच्च्या मालाचे भाव, तिकडच्या गिऱ्हाइकाला बाजारातल्या चिवड्यात काय खटकतं, आणि पाकीट कसलं घ्यावं. सल्लागाराला पैसे देण्याइतका धंदा अजून नाही आणि हाताशी माणसं दोनच.

चॅटजीपीटी आणि जेमिनी दोन्ही फोनवर आहेत. पण "चिवड्याचा व्यवसाय कसा वाढवावा" असं विचारलं की निबंध येतो: ब्रँडिंग करा, सोशल मीडिया वापरा. जीएसटी विचारला तर एकाने १२ टक्के सांगितला, दुसऱ्याने ५. विक्री ४० लाखांच्या आत आहे म्हणून नोंदणी लागत नाही, यावर मात्र दोघांचं एकमत. नेमकं कसं विचारायचं, कुठलं उत्तर धरायचं आणि कुठे स्वतः बघायचं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

वहीखातं

ताई, जीएसटीपासूनच सुरुवात करू.

पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर आधी १२ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ झाला. १२ सांगणारं साधन आठवणीतून बोललं. या साधनांची आठवण एका तारखेला थांबलेली असते, आणि इंटरनेटवर वर्षानुवर्षांचे लेख १२ च सांगतात. त्यामुळे जुना आकडा अगदी ठामपणे येतो.

४० लाखांचं उत्तर जास्त धोक्याचं आहे, कारण ते अर्धं खरं आहे. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला लागू होते. माल मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात गेला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी घ्यावी लागते. छोट्या व्यापाऱ्यांसाठीची एक टक्क्याची कंपोझिशन योजनाही मग घेता येत नाही. तुमच्या प्रश्नात पुण्याचं नाव नसेल, तर साधनाने इंदुरातच विकणाऱ्या दुकानाचं उत्तर दिलं. प्रश्नात तुमची खरी परिस्थिती यायला हवी. साधारण असं लिहा:

"मध्य प्रदेशातल्या इंदूरमध्ये घरच्या स्वयंपाकघरात भाजक्या पोह्यांचा चिवडा बनतो. २०० ग्रॅमचं लेबल लावलेलं पाकीट महाराष्ट्रातल्या ग्राहकाला ऑनलाइन विकायचं आहे. वार्षिक विक्री अमुक लाख. जीएसटी नोंदणी लागेल का आणि दर किती? उत्तर सरकारी संकेतस्थळावरच्या अधिसूचनेवरूनच दे. अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, दुवा आणि त्यातलं मूळ वाक्य जसंच्या तसं दे. कागद सापडला नाही तर तसं सांग, अंदाज करू नको."

विचारताना साधनाचा इंटरनेट सर्च चालू आहे ना, ते बघा. ते तपासायला एक सोपा प्रश्न आहे: सूक्ष्म उद्योगाची सध्याची मर्यादा काय? १ एप्रिल २०२५ पासून ती गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी आहे. उत्तर १ कोटी आणि ५ कोटी आलं तर ते साधन जुन्या माहितीवर चाललंय. त्या दिवशी त्याला नियम विचारू नका.

एकाचं उत्तर दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, हा उपाय दिसतो तितका चांगला नाही. दोघंही तोच जुना लेख वाचून आलेले असू शकतात. तुमच्या ४० लाखांच्या बाबतीत झालेलं एकमत त्यातलंच. तपासायचं ते मूळ कागदावर. दरांची अधिसूचना १७ सप्टेंबर २०२५ ची आहे, केंद्रीय कर (दर) क्रमांक ९/२०२५. सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाच्या, साइटवरून तिची पीडीएफ उतरवा आणि नोटबुकएलएम या गुगलच्या साधनात टाका. ते साधन तुम्ही दिलेल्या कागदांतूनच उत्तर काढतं आणि प्रत्येक विधानाला छोटा आकडा जोडतं. त्यावर बोट ठेवलं की मूळ ओळ उघडते. ती ओळ स्वतः वाचा. तिथली पहिली अनुसूची "२.५ टक्के" असं म्हणेल. तो केंद्राचा अर्धा भाग आहे; राज्याचा तेवढाच मिळून ५ होतो. पुण्याच्या बिलावर मात्र एकत्र ५ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो. इथे साधनंही गडबडतात आणि माणसंही. काही सरकारी पीडीएफ नुसती स्कॅन केलेली चित्रं असतात. मजकूर वाचता आला नाही की सर्च करणारं चॅट साधन गुपचूप एखाद्या ब्लॉगवरून उत्तर उचलू शकतं, म्हणून दुव्यावर लक्ष ठेवा.

भाजणीचं पीठ आणि मेतकूट जीएसटीच्या कुठल्या शीर्षकात (मालाच्या वर्गात) बसतात, हे एआयवर सोडू नका. भाजलेल्या, मिश्र पिठाचं वर्गीकरण वादाचं होऊ शकतं. ते सीएला विचारा. त्यासाठीचं टिपण एआयकडून करून घ्या: घटक, प्रत्येकाचं प्रमाण, प्रक्रिया, पाकिटावरचं नाव आणि तीन नेमके प्रश्न, सगळं अर्ध्या पानात. सीएचा वेळ वाचतो आणि उत्तरही मुद्द्याचं मिळतं.

अन्न परवान्याचंही असंच. उलाढालीप्रमाणे नोंदणी की राज्य परवाना ते ठरतं. त्या मर्यादा अर्जाच्या दिवशी फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर बघा. उद्यम नोंदणीला, म्हणजे लघुउद्योग म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीला, एक पैसाही लागत नाही. एआयने दिलेल्या दुव्यावर फी मागितली तर पत्ता बघा, शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर पान बंद करा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या पात्र खर्चावर ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदानाची तरतूद आहे. पण सध्या अर्ज घेतायत का, हे मंत्रालयाच्या पानावर किंवा जिल्ह्याच्या कार्यालयातच कळेल.

---

सियागंज_तेलडाळ

भावाचं मी सांगतो. "इंदुरात तेलाचा आजचा भाव काय" हे एआयला विचारूच नका. सियागंजचा, म्हणजे इथल्या घाऊक बाजाराचा, भाव कुठल्या साइटवर बसलेला नसतो, तो फोनवर असतो. तीन दुकानांतून कोटेशन घ्या आणि ते एआयसमोर ठेवा. तिथून त्याचा उपयोग सुरू होतो, आणि तिथेच एक खड्डा आहे.

तेलाचा डबा १५ किलोचाही येतो आणि १५ लिटरचाही. १५ लिटरमध्ये तेल भरतं साधारण १३.६५ किलो. समजा दोन्ही डबे २१०० रुपयांना आहेत. पहिला पडतो १४० रुपये किलो, दुसरा जवळपास १५४. एआयला दोन बिलांचे फोटो दिले तर ते दोन्ही डबे एकाच रांगेत मांडून "भाव समान" म्हणून मोकळं होतं. म्हणून तक्त्यात वजन, माप, जीएसटीसह की जीएसटीशिवाय, आणि भाडं, असे चार वेगळे रकाने मागा. हाताने लिहिलेल्या बिलात देवनागरी १ आणि ९ ची अदलाबदल होते. फोटोवरून केलेला तक्ता बिल समोर धरून एकदा वाचलाच पाहिजे.

डाळं, बेसन यांचा कल बघायचा असेल तर हरभऱ्याचे भाव ॲगमार्कनेट या मंडीभावांच्या सरकारी साइटवरून उतरवून घ्या. भाव क्विंटलचा असतो, आणि कमी-जास्तपेक्षा मोडल, म्हणजे ज्या भावाने जास्त व्यवहार झाले तो भाव धरायचा. इंदूरच्या मंडीत डॉलर चना (काबुली) मोठ्या प्रमाणात येतो आणि तो महाग असतो. बेसन, डाळं होतं काँटा चन्याचं (देशी हरभऱ्याचं). जात निवडून द्या, नाहीतर एआय दोन्हींची सरासरी काढून देईल आणि ती कशाच्याच कामाची नसेल.

लागतीचा हिशोब एआयकडून करून घेऊ नका, सूत्रं लिहून घ्या. "१० किलो चिवड्याची शीट बनव. पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं, तेल, मसाला, गॅस, मजुरी, पाकीट, प्रत्येकाची वेगळी ओळ, भाजताना आणि चाळताना होणाऱ्या घटीचा वेगळा रकाना, बेरीज सूत्राने." आकडे तुम्ही भरा. चॅटमध्ये सरळ विचारलेल्या लांब बेरजा चुकू शकतात, शीटमधलं सूत्र उघडून तपासता येतं. घट अंदाजाने भरू नका. एक घाणा काढा, आत गेलेला माल आणि बाहेर आलेला माल तोला.

अजून एक गोष्ट. प्लास्टिक पाउचवर जीएसटी १८ टक्के आणि तुमच्या मालावर ५. पाकिटांवर भरलेला कर साचू शकतो. नोंदणी झाली की शीटमध्ये सगळे भाव कराशिवाय धरा आणि परताव्याचं सीएला विचारून ठेवा.

---

सुदामानगर_फराळ

काका, डब्याचा हिशोब फार उपयोगी पडला. वहीखातं, तुमचा प्रश्न जसाच्या तसा वापरते. गिऱ्हाइकांच्या पसंतीबद्दल कोणी सांगेल का? "पुण्यात माझा चिवडा चालेल का" विचारलं तर दोन्ही साधनं हो म्हणतात.

---

ग्राहकवाणी

ताई, असं विचारलं की हो येणारच. विचारणाऱ्याचा कल बघून होकार देण्याकडे या साधनांचा ओढा असतो. उलटं विचारा: "हा चिवडा पुण्यातला ग्राहक दुसऱ्यांदा का मागवणार नाही, याची कारणं दे, आणि प्रत्येक कारण तपासायला मी काय करू ते सांग." यातून तपासायच्या गोष्टींची यादी मिळते. पुरावा मिळत नाही. पुरावा गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलाय, ऑनलाइन दुकानांतल्या अभिप्रायांत.

चार-पाच चिवड्यांची पानं निवडा. पंचतारांकित अभिप्राय सोडा, "मस्त" यापलीकडे त्यात फारसं नसतं. एक ते तीन ताऱ्यांचे अभिप्राय हाताने शीटमध्ये उतरवा, एका ओळीत एक. सोबत पाकिटाचं वजन आणि महिना. लिहिणाऱ्याचं नाव घेऊ नका. प्रत्येक ओळीला क्रमांक द्या, हे फार महत्त्वाचं आहे. मग वीस-वीस ओळी एआयला द्या आणि सांगा: "प्रत्येक क्रमांकासमोर तक्रारीचा प्रकार लिही: मऊ पडला, खवट वास, तेलकट, गोड जास्त, तळाशी चुरा, पाकीट फुटलं, वजन कमी, इतर. सोबत मूळ अभिप्रायातले शब्द जसेच्या तसे दे. एकात दोन तक्रारी असतील तर दोन ओळी कर."

एकदम दोनशे ओळी दिल्या तर मधल्या गळतात आणि ते कळतही नाही. म्हणून परत आल्यावर सगळे क्रमांक आलेत का ते बघा. त्याने दिलेले "मूळ शब्द" शोधून पाहा. शीटमध्ये सापडले नाहीत, तर ते त्याने स्वतः रचलेत. कुठली तक्रार किती वेळा आली, ती मोजणी शीटमधल्या काउंटइफ सूत्राने करा, एआयला मोजायला लावू नका.

महिन्याचा रकाना इथे कामाला येतो. "मऊ पडला" या तक्रारी जुलै-ऑगस्टमध्ये दाटल्या असतील तर संशय पाकिटावर जातो. वर्षभर सारख्या असतील तर पोहे भाजण्यावर. "गोड जास्त" तर कृतीचाच प्रश्न, आणि माळव्यातल्या गोडसर हाताचा चिवडा तिकडे पाठवताना तो रकाना नीट वाचा. मात्र अभिप्राय लिहिणारे म्हणजे सगळं पुणे नव्हे. यातून काय टाळायचं ते कळतं, किती खपेल ते कळत नाही. त्यासाठी नमुन्याची पाकिटं पाठवून बघणं आलंच.

तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, मसाल्याचं नेमकं प्रमाण यांतलं काही चॅटमध्ये टाकू नका. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्सखाली प्रशिक्षणाला माहिती देण्याचा पर्याय असतो, तो बंद करा. आणि नियम, भाव, अभिप्राय यांसाठी प्रत्येक वेळी नवी चॅट उघडा. एकाच लांब चॅटमध्ये आधीच्या गोष्टी पुढच्या उत्तरात मिसळतात.

---

पालदा_पॅकिंग

पाकिटाबद्दल थोडं. "चिवडा किती टिकेल" याला एआय सहज "सहा महिने" म्हणेल. ते कुणा दुसऱ्याच्या पाकिटाचं, दुसऱ्याच्या तेलाचं उत्तर आहे. तुमच्या चिवड्याचं टिकणं पोह्यांत उरलेली ओल, तेलाची अवस्था, शेंगदाणे-खोबऱ्याचा खवटपणा आणि पाउचचे थर यांवर ठरतं. नमकीनला सहसा पेट (पॉलिस्टर फिल्म), मेटलाइज्ड पेट (धातूचा मुलामा दिलेली तीच फिल्म) आणि आतून पॉली (पॉलिथिन) असे तीन थर घेतात. नायट्रोजन भरायचा सल्लाही एआय पटकन देतं, पण साध्या पॉलीच्या पिशवीत तो टिकत नाही. पैसे वाया जातात.

एआयकडून पाउचवाल्याला विचारायची प्रश्नावली करून घ्या: प्रत्येक थराची जाडी मायक्रॉनमध्ये, बाष्प आणि ऑक्सिजन किती आत येतो त्याचे आकडे, कमीत कमी मागणी, छपाई रोटोची (कोरलेल्या सिलिंडरवरची) की डिजिटल. रोटोत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्यामुळे कमी मालाला खर्च अंगावर येतो. सुरुवातीला कोरं पाउच आणि छापील स्टिकर बरा.

टिकण्याची परीक्षा मात्र घरातच घ्या. चिवडा पूर्ण गार झाल्यावर भरा, नाहीतर वाफ आत धरते. पाकिटं तारीख घालून ठेवा, निम्मी सावलीत, निम्मी गच्चीलगतच्या गरम खोलीत. दर आठवड्याला दोन्हीकडचं एकेक फोडून वास, कुरकुरीतपणा लिहा. मे महिन्याची इंदूरची उष्णता त्यासाठी कडक परीक्षा आहे. सोबत एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ओलावा, पेरॉक्साइड मूल्य आणि मुक्त मेदाम्लं (या दोन्हींवरून तेलाचा खवटपणा कळतो) तपासायला द्या. हे आकडे आले की एआयला अर्थ विचारायला हरकत नाही.

सील तपासायला पाकीट पाण्याखाली दाबून धरा, बुडबुडे आले की गळती आहे. मेतकुटात हे जास्त होतं, कारण भरताना भुकटी सीलच्या पट्टीवर बसते. तोंड पुसून मग सील करा किंवा भरायला लांब नळीचं नरसाळं वापरा.

लेबलचा मसुदा एआयकडून तपासून घेताना दर ग्रॅमची किंमत सुटली नाही ना ते बघा, त्याच्या यादीतून ती बरेचदा गळते. २०० ग्रॅमला ८० रुपये एमआरपी असेल तर ०.४० रुपये प्रति ग्रॅम असं छापावं लागतं. शेंगदाण्याची ॲलर्जीची सूचना आणि चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकही छापायला देण्याआधी स्वतः ताडून घ्या.