पीएचडी कोर्सवर्कमध्ये २ क्रेडिट कमी दाखवतायत, अर्जंट मदत हवी (बडोदा)

मुग्धा_मांडवी:
नमस्कार, माझी बायोमेडिकलमध्ये पीएचडी चालू आहे. कोर्सवर्क (थीसिसआधी करायचे पेपर) झालं असंच धरून चालले होते आणि आज ऑफिसातल्या बेन म्हणतात १० च क्रेडिट होतात, १२ पाहिजेत. बायोस्टॅटचा (जीवशास्त्रासाठीचं संख्याशास्त्र) ऑनलाइन कोर्स केलाय, सर्टिफिकेट फाइलला लावलंय, तरी धरत नाहीत. सोमवारी प्रेझेंटेशन आहे. कोणाचं असं झालंय का? प्लीज लवकर सांगा.

दांडियाबाजारचे_काका:
रजिस्ट्रेशन कधीचं ते सांग आधी. यूजीसीच्या २०१६ च्या नियमात किमान ८ क्रेडिट होते, नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे नियम आले त्यात १२ झाले, एथिक्सचा पेपर धरून. जुनं रजिस्ट्रेशन असेल तर प्रश्नच मिटला.

मुग्धा_मांडवी:
२०२४ चं आहे काका. एथिक्स झालंय, ६८ आहेत.

पेट्रीडिश:
उंदरांवर काम असेल तर अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आत्ताच टाकून ठेव. आमचे पाच महिने त्यातच गेले, गाइडनी आधी सांगितलंच नव्हतं.

मुग्धा_मांडवी:
उंदीर नाहीयेत, सेल लाइन आहे, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी. क्रेडिटचं सांगा ना कोणीतरी.

सायली_इंदूर:
कोर्स स्वयमचा (सरकारी ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) का? किती आठवड्यांचा? ४ आठवड्यांचा असेल तर १ च क्रेडिट मिळतो. आणि सेंटरवर जाऊन परीक्षा दिलीस की नुसत्या असाइनमेंट?

मुग्धा_मांडवी:
हो, स्वयमवरचाच, एनपीटीईएलचा, ८ आठवड्यांचा, परीक्षा दिली, पास आहे. सर्टिफिकेटवर ५१ आहे, बेननी त्याच्याभोवती पेन्सिलने गोल केलाय, का ते कळलं नाही.

सायली_इंदूर:
अगं तेच तर कारण आहे! तिकडे ४० ला पास करतात पण पीएचडी कोर्सवर्कला ५५ टक्के लागतात.

दांडियाबाजारचे_काका:
५५ एकूण कोर्सवर्कला, एकेका पेपरला नाही. मी स्वतः नियम वाचलाय.

सायली_इंदूर:
यूजीसीचं तसंच आहे काका, पण आमच्याकडे ऑर्डिनन्समध्ये (विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमात) प्रत्येक पेपरला ५५ लिहिलंय, माझ्या मैत्रिणीला ५३ वर परत बसवलं. मुग्धा, तुमचं ऑर्डिनन्स बघ. आणि आरएसीच्या (तुझ्या संशोधन सल्लागार कमिटीच्या) मिनिट्समध्ये कोर्सचं नाव आहे का? ऑनलाइन कोर्स कमिटीने सुचवलेला असला तरच धरतात.

मुग्धा_मांडवी:
सर तोंडी हो म्हणाले होते. मिनिट्समध्ये नाहीये बहुतेक.

दांडियाबाजारचे_काका:
मग तोंडी काही उपयोगाचं नाही बेटा. गाइडच कमिटीचे कन्व्हीनर असतात, त्यांनाच आज फोन कर, सोमवारची वाट बघू नकोस.

अलकापुरीकर:
माझी भाची अमेरिकेत बायोमेडिकललाच आहे, तिथे पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन, मग गाइड निवडायचा. आपल्याकडे असं का करत नाहीत कोण जाणे, मुलं वाचतील.

पेट्रीडिश:
रोटेशन करायला पाच वर्षं फेलोशिप पाहिजे ना, इथे महिन्याचे पैसे वेळेवर येत नाहीत.

मुग्धा_मांडवी:
ऑर्डिनन्स मिळालं, आमच्याकडेही प्रत्येक पेपरला ५५ आहे :( सरांशी बोलले. म्हणाले सोमवारचं प्रेझेंटेशन ठरल्याप्रमाणे दे, बायोस्टॅटचा २ क्रेडिटचा डिपार्टमेंटचा पेपर पुढच्या सेमला घे, मिनिट्समध्ये ते लिहून घेतील. सायली, तू पेन्सिलचा गोल ओळखला नसतास तर मी ऑफिसात भांडत बसले असते, खरंच थँक्स. आता रात्री स्टॅटमधली पी व्हॅल्यू वगैरे परत पहिल्यापासून. पेपरला एसपीएसएस सॉफ्टवेअर चालतं का?

पेट्रीडिश:
त्यापेक्षा आर (R) हे सॉफ्टवेअर शिक. फुकट आहे, थीसिसलाही तेच कामाला येईल.

दांडियाबाजारचे_काका:
आधी हातानी एक टी टेस्ट सोडव, मग सॉफ्टवेअर.