दोरी फुलीची नव्हे, मळसूत्री

जुन्या युरोपातल्या बायका आतल्या चोळीची दोरी बुटाच्या नाडीसारखी फुल्या घालत ओवत, असं अनेकांना वाटतं. ते सिनेमातलं. सोळाव्या शतकात सर्रास एकच दोरी गोल गोल चढत जाई. त्यासाठी दोन्ही कडांची छिद्रं समोरासमोर नकोत, अर्ध्या अंतराने वरखाली हवीत. नाहीतर दोरी ताणली की एक कड वर सरकते आणि चोळी तिरकी बसते. छिद्र कात्रीने कापायचं नाही. टोकदार आरीने (चांभाराच्या टोच्याने) कापडाचे धागे बाजूला सारायचे आणि कडेने दाट टाके घालायचे. कापलेलं छिद्र ताणाने फाटत जातं. दोरीच्या टोकाला धातूची टोपी हवीच, नाहीतर ओवण्यातच सकाळ जायची! इटलीत हुकही चालत: 1562 मध्ये वारलेल्या फ्लोरेन्सच्या डचेस एलेओनोरा दि तोलेदोच्या दफनवस्त्रांतल्या मखमली चोळीला पुढून हुकच आहेत.