आईंना घेऊन उडुपीला जाताना

सत्तरीतल्या आईंना घेऊन उडुपीला एक दिवस पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, एक रात्र मुक्काम कराच. मुंबईहून मत्स्यगंधा एक्सप्रेस रात्रभरात थेट उडुपीला पोचवते. खोली मात्र रथबीदीच्या, म्हणजे मठाभोवतीच्या रथाच्या रस्त्याच्या, जवळच घ्या, म्हणजे आईंना चालावं लागणार नाही.

तिथल्या कृष्णमठात देव दाराऐवजी नऊ छिद्रांच्या चांदीच्या खिडकीतून दिसतो. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर गर्दीत नजर ठरेपर्यंत पुढे सरकायची वेळ येते. मीही पहिल्यांदा अशीच पुढे ढकलले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले, तेव्हा समईच्या उजेडात त्या बाळकृष्णाच्या हातातली रवी आणि दोरी स्पष्ट दिसली. डोळे भरून आले हो!

कृष्णमठाच्या आधी समोरचे चंद्रमौळीश्वर आणि अनंतेश्वर करायचे, अशी रीत आहे. पुरुषांना सदरा काढावा लागतो. दुपारचा प्रसाद अजिबात चुकवू नका.

सम वर्षांतला १८ जानेवारी मात्र टाळा. त्या दिवशी ‘पर्याय’ नावाचा सोहळा असतो, कृष्णाच्या पूजेचा मान एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो आणि गर्दी आईंना झेपायची नाही.