स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला साधी बॅटरी चालेल का?

अकोलेकर:
माझी २०२१ची पेट्रोल स्विफ्ट आहे, सिग्नलला आपोआप बंद होणारी. सकाळी सेल्फ जड जातोय, आणि हल्ली सिग्नलला इंजिन बंद होणंही थांबलंय. गाडीतल्या मूळ बॅटरीवर ईएफबी (स्टार्ट-स्टॉपसाठी मजबूत केलेला प्रकार) छापलंय. दुकानदार म्हणतो, साधी टाका, बरीच स्वस्त पडेल. मित्र म्हणतो, एजीएम (ईएफबीच्याही वरचा प्रकार) घे. वापर म्हणजे घर ते ऑफिस ४ किलोमीटर, कधीमधी अमरावती. काय घेऊ?

पुणेरी_चाक:
स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून बंद ठेवा आणि साधी टाका. विषय संपला.

बॅटरीवाला_नागपूर:
ते बटण दर वेळी गाडी सुरू केली की पुन्हा दाबावं लागते, पुणेकर भाऊ. वहिनींनी गाडी नेली की विसरलंच समजा.

अकोलेकर, सिग्नलला इंजिन बंद होत नाही म्हणजे गाडीनेच बॅटरीची तक्रार केली आहे. पुन्हा सुरू होण्याइतका चार्ज दिसला नाही की कॉम्प्युटर इंजिन बंदच करत नाही. तरी लगेच खरेदीला निघू नका. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून बघा. साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. नसेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) आणि त्याचा बेल्ट तपासा, नाहीतर नवी बॅटरीही झोपेल.

आता प्रकार. साधी बॅटरी सेल्फच्या एका दणक्यासाठी असते. स्टार्ट-स्टॉपमध्ये इंजिन बंद असताना लाइट, ब्लोअर, गाणी सगळं तिच्याच जिवावर, वरून परत सेल्फ. असं रोज झालं की प्लेटवरचा लेप सुटून खाली बसतो. ईएफबीत तो लेप धरून ठेवायला प्लेटवर जाळीदार कापड असते. एजीएम त्याहून दणकट, पण महाग, आणि तिला उष्णता मानवत नाही. बऱ्याच जर्मन गाड्यांत ती डिकीत ठेवतात ते उगाच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकते, बोनेटखाली काय होत असेल पाहा! तेव्हा ईएफबीच्या जागी ईएफबी. कंपनीने एजीएम दिली असेल त्यांनी मात्र एजीएमच घ्यावी, खाली उतरू नये.

घेताना जुन्या बॅटरीवरचा कोड जुळवा. उदाहरणार्थ ३८बी२०एल असेल तर २० म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, एल म्हणजे टर्मिनलची बाजू. शेवटी एस असला तर टर्मिनल जाड. एलच्या ऐवजी आर आणली की वायर पोचत नाही, मग काही बहाद्दर ती ताणून बसवतात. उत्पादनाचा महिनाही वाचा. दुकानात पडून राहिलेली बॅटरी नवी नसते.

अकोलेकर:
मीटर लावला. सकाळी १२.१, चालू असताना १४.२.

बॅटरीवाला_नागपूर:
म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. ४ किलोमीटरच्या फेरीत सेल्फने खाल्लेलं भरून निघत नाही, उपाशीच राहते बिचारी. आधी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावा, मग लोड टेस्ट करा, म्हणजे मोठा भार टाकून व्होल्टेज बघा. लोडवर ९.६ व्होल्टच्या खाली गेली तरच बदला. आणि डॅशकॅम (पुढच्या काचेवरचा कॅमेरा) आहे का? गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करणारा?

अकोलेकर:
आहे. दिवाळीत लावलाय.

बॅटरीवाला_नागपूर:
घ्या! उभ्या गाडीत तोही बॅटरी खातो. आधी त्याची वायर काढा.