अंगठा दिल्यानंतर एकलव्याचं पुढे काय झालं? वर्गात काय सांगू?

सातवीच्या_बाई:

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत सातवीला मराठी शिकवते. वर्गात बहुतेक मुलं भिल्ल आणि पावरा. गेल्या आठवड्यात वाचनाच्या तासाला एकलव्याची गोष्ट सांगितली, दरवर्षी सांगते तशीच. मातीचा पुतळा, कुत्र्याच्या तोंडातले बाण, गुरुदक्षिणा, अंगठा. शेवटी नेहमीचं वाक्य, "गुरुभक्ती असावी तर अशी." वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, मग त्याने परत तीर मारला का?"

मला उत्तर देता आलं नाही. ११ वर्षं ही गोष्ट सांगतेय आणि अंगठ्याच्या पुढे मी कधी गेलेच नव्हते. तास सुटल्यावर ती टेबलापाशी आली. उजवा अंगठा तळहाताशी दुमडला, पट्टीला ताणून बांधलेलं रबर उरलेल्या बोटांनी ओढलं आणि म्हणाली, "असं जमतं की, बाई."

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. महाभारतात पुढे काही आहे का? आणि द्रोणांनी त्याला नाही म्हटलं ते नेमकं कशामुळे? स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच, द्रोण हस्तिनापूरच्या मिठाला बांधलेले, ते फक्त राजपुत्रांना शिकवत, यात जात कुठे आली? मला पटत नाही, पण दाखवायला हातात काही नाही. जाणकारांनी सांगावं.

पोथीवाला:

बाई, आहे. अंगठा दिला त्याच्या लगेच पुढेच आहे. भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती (१९६६ साली पूर्ण झाली ती) उघडून लिहितोय. आदिपर्व, "ततः परं तु नैषादिरङ्गुलीभिर्व्यकर्षत". त्यानंतर तो बोटांनी ओढू लागला. पूर्वीइतका चपळ राहिला नाही, असं पुढे म्हटलंय. पण हात थांबला नाही. तुमच्या विद्यार्थिनीने न वाचता बरोबर ओळखलं.

आता नकाराचं. तिथे शब्द आहेत "नैषादिरिति चिन्तयन्", म्हणजे 'हा निषादाचा (रानात राहणाऱ्या जमातीतला) मुलगा' असं मनात आणून. आणि त्याच श्लोकात, बाकीच्या शिष्यांकडे पाहून. म्हणजे स्टाफरूमचं म्हणणं अर्धंच खरं. 'फक्त राजपुत्रांना' हे तर अजिबात टिकत नाही. एकलव्य स्वतः राजपुत्र होता, निषादांचा राजा हिरण्यधनु त्याचा बाप. आणि द्रोणांकडे शिकायला येणाऱ्यांत सूतपुत्र राधेय, म्हणजे कर्ण, आल्याचं आदिपर्वातच स्पष्ट आहे. द्रोणांनी कर्णाला शिकवलंच नाही असं आपण सर्रास सांगतो, ते मुळात नाही. त्याला नाकारलं ते ब्रह्मास्त्र. शांतिपर्वात नारद युधिष्ठिराला ते सांगतात: व्रतस्थ ब्राह्मण किंवा तपस्वी क्षत्रिय, दोघांनाच ते मिळेल. म्हणून कर्ण महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि स्वतःला भार्गव ब्राह्मण म्हणवून शिकला. सूताला उंबरठा ओलांडता आला, पण माजघराचं दार बंद. निषादाला अंगणातूनच परत पाठवलं.

अजून एक जागा जरूर वाचा. द्रोणपर्वात घटोत्कच पडल्यावर कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या हितासाठी द्रोणाने आचार्यपण पुढे करून एकलव्याचा अंगठा घेतला, आणि त्याला शब्द वापरतो "छद्मना". कपटाने. अंगठा असता तर देवदानवांनाही तो जिंकता आला नसता, असंही म्हणतो. आणि पुढे आपणच त्याला मारलं, हेही. महाभारताने काही झाकलेलं नाही. गुरुभक्तीचा पाठ आपण त्यावर नंतर चढवला.

निळी_शाई:

मला एकलव्याहून विदुर जास्त टोचतो. उद्योगपर्वातली ती रात्र. धृतराष्ट्राला झोप नाही, विदुर त्याला नीती सांगत बसलाय, राजा म्हणतो अजून सांग. आणि हा म्हणतो, मी शूद्रयोनीत जन्मलो, याच्यापुढचं बोलायला मी धजत नाही. ज्ञान आहे, ऐकणारा आतुर आहे, बाप व्यास आहे. तरी तोंड मिटतो आणि सनत्सुजात ऋषीला बोलावतो. एकलव्याला दुसऱ्याने अडवलं. विदुराला कोणी अडवायलाच लागलं नाही. माझ्या आजोबांना सगळी पोथी तोंडपाठ होती आणि चार माणसांत कोणी म्हणा म्हटलं तर ते भिंतीकडे बघत बसायचे. तो श्लोक वाचला की मला ती भिंत दिसते.

आणि हे सगळं आपल्याला सांगतोय कोण? नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना महाभारत ऐकवणारा उग्रश्रवा सौती, सूत. गीता आली ती संजयाच्या तोंडून, तोही सूत. 'सूतपुत्र' म्हणून कर्णाला हिणवलेला प्रत्येक प्रसंग एका सूतपुत्राने ऋषींसमोर उभं राहून म्हटलाय. हे वर्गात सांगा, बाई.

शंबूकाबद्दल मुलं विचारतील, तर ते रामायणाच्या उत्तरकांडात आहे. तप करणारा शूद्र म्हणून रामाने त्याचं शिर उडवलं. उत्तरकांड मागाहूनचं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण मागाहून तरी कोणाला ते घालावंसं वाटलंच ना.

हरिपाठ:

दुसरी बाजूही मुलांपर्यंत जाऊ द्या. वनपर्वात मिथिलेचा व्याध मांसाच्या दुकानावर बसलेला असतो आणि कौशिक ब्राह्मण त्याच्याकडून धर्म शिकून जातो. छांदोग्य उपनिषदात सत्यकामाला बापाचं गोत्र सांगता येत नाही, तरी गौतम त्याला घेतात. आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली वेदालाच कृपण म्हणतात, तिन्ही वर्णांच्याच कानी लागला म्हणून. हे आपल्याच घरातलं बोलणं आहे.

पोथीवाला:

व्याध आणि माउली, दोन्हीशी सहमत. सत्यकामाचं जपून सांगा. गौतम म्हणतात, "नैतदब्राह्मणो विवक्तुमर्हति", अब्राह्मण असं बोलूच शकणार नाही. म्हणजे खरं बोलला म्हणून ब्राह्मण ठरवून मग आत घेतलं. अट तशीच राहिली.

तीरकामठा:

मी धडगावकडचा, भिल्ल. श्लोक मला ठाऊक नव्हता, तो आज इथे वाचला आणि दोनदा वाचला. आमच्याकडे म्हातारा बाबा तीर सोडायचा तो पहिल्या दोन बोटांत धरून, अंगठा बाजूला. लहानपणी मी अंगठा लावला तर हातावर चापट बसली. म्हणाला, तो एकलव्याने देऊन टाकलाय, आपण लावायचा नाही. मला वाटायचं ही आमच्या घरातलीच गोष्ट. पोथीत पण बोटं आहेत हे बाबाला सांगायला हवं होतं.

बाई, त्या पोरीला विचारा, हे तिला कोणी दाखवलं.

सातवीच्या_बाई:

विचारलं. आजोबांनी. फळ्यावर "अङ्गुलीभिर्व्यकर्षत" लिहिलं, फोड केली, अर्थ सांगितला. मग तिला पुढे बोलावलं. दोरी तिने वर्गातल्या खराट्याची एक काडी वाकवून बांधली आणि चाळीस मुलांना दोन बोटं कशी धरायची ते दाखवलं. मुलं तासभर हलली नाहीत. पुढच्या आठवड्यात विदुराची रात्र घेतेय. आधी माझं मला नीट वाचायचंय, निळी_शाई, अडलं तर इथेच विचारीन.